गुरुजी १३ वर्षांचे कसे? सरासरीची शाब्दिक गणितं लेकराला कशी शिकवावीत

पूर्णाकाठ
सोमवार, रात्री १०.१२

मंडळी, लेक पाचवीत आहे, डिसेंबरात नवोदयची परीक्षा देणार. दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले २० अंकगणिताचे. बेरीज, भागाकार, लसावि-मसावि सगळं जमतं तिला. पाच संख्या देऊन सरासरी विचारली तर बेरीज करून पाचानं भागते, तेही बरोबर. पण शाब्दिक गणित आलं की गाडी चिखलात रुतते. काल हे आलं होतं:

"एका वर्गातील ३० विद्यार्थ्यांचे सरासरी वय ११ वर्षे आहे. वर्गशिक्षकांचे वय मिळवल्यास सरासरी १ ने वाढते. तर वर्गशिक्षकांचे वय किती?" पर्याय १२, १३, ४१, ४२.

लेकीनं १३ ला गोल केला. रीत विचारली तर म्हणाली, "पोरांचं ११, गुरुजींचं १३, बेरीज २४, भागिले दोन, आले १२. एकानं वाढलं ना बाबा!" मी म्हणलं, अगं गुरुजी १३ वर्षांचे असतात का? तर म्हणते, "गणितात कायबी असतं. परवा एक माणूस हौद भरत होता आन खालची तोटी त्यानं उघडीच ठेवली होती. आपल्याकडं असं करतं का कोणी?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

४२ हे उत्तर मला क्ष मानून काढता येतं, पण तिला समीकरण अजून शिकवलेलं नाही. आणि तिची रीत चुकीची कामून, हे तिच्या भाषेत सांगता येईना. माझं खत-बियाण्याचं दुकान, गणित दहावीपर्यंतचं. कोणी समजावून सांगता का?


भरतीवाला_नांदेड
सोमवार, रात्री १०.४०

भाऊ, एकदम सोपंय. सूत्र पाठ करून टाका. नवीन माणसाचं वय = नवीन सरासरी + (जुने जितके × वाढ). १२ + ३० × १ = ४२. पाच सेकंदांचं काम. सरासरी कमी झाली असेल तर अधिकच्या जागी वजा.

अजून एक. क्रमानं येणाऱ्या संख्यांची सरासरी विचारली तर बेरीज करत बसायचं नाही, पहिली अधिक शेवटची भागिले दोन. १ ते १०० ची सरासरी ५०.५. पोलीस भरतीला ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, तिथं समजून घ्यायला टाइम कोणाला आहे?


गोदातीर
सोमवार, रात्री ११.०५

पहिली आणि शेवटची ही युक्ती अंतर सारखं असेल तरच चालते, एवढं पोरीला नक्की सांगा. १२, १५, १८, २१, २४ ला चालेल, उत्तर १८. पण २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्यांची सरासरी ५.६ आहे आणि युक्तीनं येते ६.५. पेपर काढणारे हा ६.५ पर्यायात ठेवतातच. त्या १३ सारखा.


खडू_फळा
मंगळवार, सकाळी ६.२०

भरतीवाले, सूत्र बरोबर आहे. पण पाचवीच्या लेकराला 'जुने जितके' आणि 'नवे जितके' यात गोंधळ होतो, मग ३१ नं गुणून ४३ काढतात. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीच औसा-निलंग्याकडं. ही चूक एकही वर्ष चुकली नाही.

पूर्णाकाठ, आधी लेकीचं कौतुक करा. तिनं उत्तर अंदाजे ठोकलेलं नाही, पडताळून पाहिलंय. चूक एकच झाली, ३० लेकरांना तिनं एकच माणूस धरलं. तिच्या हिशेबात वर्गात दोघंच आहेत, एक '११' आणि एक गुरुजी.

हे पाटीवर सांगू नका. बोरं घ्या. अशी कल्पना करा की ३० लेकरं रांगेत बसलीत, प्रत्येकाच्या पुढ्यात ११ बोरं. गुरुजी पिशवी घेऊन आले आणि शेवटी बसले. आता गुरुजींसकट सगळ्यांकडं सारखी १२-१२ झाली पाहिजेत. गुरुजींना काय करावं लागेल? प्रत्येकाला एक-एक द्यावं लागेल, म्हणजे ३० गेली. आणि स्वतःजवळ १२ उरली पाहिजेत. मग पिशवीत किती होती? इथं मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा बेचाळीस म्हणून ओरडायचं. लगेच विचारायचं, गुरुजी १३ च बोरं घेऊन आले असते तर? स्वतःला १२ ठेवून एकच वाटायला उरलं असतं, २९ लेकरं तोंडाकडं बघत बसली असती. तिची चूक तिला तिथं दिसेल, तुम्ही सांगायची गरज नाही.

सरासरी म्हणजे सारखी वाटणी. ज्याच्याकडं जास्त त्यानं काढून द्यायचं, कमी आहे त्यानं घ्यायचं, एकूण माल तेवढाच राहिला पाहिजे. आता वय काही वाटता येत नाही. येत असतं तर मी एवढ्यात निवृत्त झालो नसतो.

दुसरी सवय पेन्सिलीची. गणितात 'सरासरी' शब्द दिसला की पुढं वाचायच्या आधी त्या शब्दाच्या डोक्यावर एकूण बेरीज लिहायची. '३० विद्यार्थ्यांचे सरासरी वय ११', वर लिहा ३३०. गुरुजी आल्यावर ३१ जण, सरासरी १२, वर लिहा ३७२. आता गणित उरलंच कुठं? ३७२ वजा ३३०. एक जण वर्ग सोडून गेला, एकाच्या जागी दुसरा आला, आधीच्या पाचांची आणि नंतरच्या सहांची सरासरी दिली, सगळ्याला हीच पेन्सिल पुरते.

चुकीचा आकडा लिहिल्याचं गणितही यातलंच. २५ मुलांच्या गुणांची सरासरी ५२ आली, मग कळलं की एकाचे ३८ गुण ८३ असे लिहिले गेले. लेकरं १,३०० मधून ८३ काढतात, ३८ घालतात, १,२५५ ला २५ नं भागतात. चूक काही नाही त्यात. पण हुशार लेकरू म्हणेल, ४५ गुण फुकटचे आले होते, ते २५ जणांना वाटले गेले, प्रत्येकाला १.८. ते परत काढा, ५०.२. दोन्ही रीती येऊ द्या तिला, एकीनं दुसरी तपासता येते.


पूर्णाकाठ
मंगळवार, रात्री ९.३०

गुरुजी, नमस्कार. बोरं अजून बाजारात चांगली आली नाहीत म्हणून शेंगदाणे घेतले. ३० लेकरांच्या जागी ३० वाट्या मांडायच्या होत्या, घरात निघाल्या १९. मग दहाच पोरांचं गणित केलं, सरासरी ११, गुरुजी आल्यावर १२. गुरुजींकडं २२ निघायला पाहिजे होते. हिशेब दोनदा चुकला, कारण धाकटा भाऊ मधून मधून सरासरी खात होता. पण डोक्यात शिरलं. '१३ कामून नाही' हे तिनं मला समजावून सांगितलं, आणि मूळचं गणित तोंडी केलं.

आता नवीन दुखणं. "एक एसटी जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला ताशी ४० किमी वेगाने गेली व त्याच रस्त्याने ताशी ६० किमी वेगाने परत आली. संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?" तिनं लिहिलं ५०. मीही ५० च लिहिलं असतं. पुस्तकात ४८ आहे. अंतर तर दिलेलंच नाही, मग बेरीज कशाची लिहायची डोक्यावर?


गोदातीर
मंगळवार, रात्री ९.५५

अंतर दिलं नसेल तर आपण धरायचं. जालना ते संभाजीनगर ६० किमीच्या आसपास आहेच, ६० च धरा, भागाकारही छान जातो. जाताना ६० भागिले ४०, दीड तास. येताना एक तास. एकूण १२० किमी, एकूण अडीच तास. १२० भागिले २.५, उत्तर ४८. १२० किमी अंतर धरलं तरी ४८ च येईल, करून बघा.

५० का नाही? गाडी हळू चालली तेव्हा जास्त वेळ चालली. दीड तास ४० नं आणि एकच तास ६० नं. हळू चालण्याचा वाटा मोठा, म्हणून सरासरी ४० च्या बाजूला झुकली. गाडी एक तास ४० नं आणि एक तास ६० नं चालली असती तर ५० बरोबर होतं. गणितात 'तेवढाच वेळ' आहे का 'तेवढंच अंतर' आहे ते बघायचं, बाकी काही नाही.


भरतीवाला_नांदेड
मंगळवार, रात्री १०.०२

२ × ४० × ६० भागिले (४० + ६०). = ४८. अंतर सारखं असेल तर डोळे झाकून हे.


बांधावरून
मंगळवार, रात्री १०.२०

डोळे झाकूनच सांगा मग भरतीवाले. ६० किमी जायचंय. पहिले ३० किमी ताशी ३० नं गेलो. पूर्ण प्रवासाची सरासरी ताशी ६० यायला पाहिजे. उरलेले ३० किमी किती वेगानं जाऊ?


भरतीवाला_नांदेड
मंगळवार, रात्री १०.२१

९०.


भरतीवाला_नांदेड
मंगळवार, रात्री १०.३४

थांबा. ९० नं गेलं तर २० मिनिटं. एकूण एक तास वीस मिनिटं, ६० किमी. सरासरी ४५ च येते. बरं मग १८० नं? तेही नाही. ६० किमीला ताशी ६० म्हणजे एक तास, आणि तो तास पहिल्या निम्म्यातच संपला. कितीबी पळवा, जमतच नाही. माघार घेतो भाऊ.


खडू_फळा
बुधवार, सकाळी ६.०५

या माघारीला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. चूक स्वतः शोधली.

पूर्णाकाठ, वेगाच्या गणितात डोक्यावर दोन बेरजा लिहायच्या, एकूण अंतर आणि एकूण वेळ. वेगांची बेरीज कधीच करायची नाही. ४० अधिक ६० म्हणजे १०० हे कशाचे १००? त्याला नावच देता येत नाही. बेरजेला नाव देता आलं नाही तर ती बेरीज करू नये.


मोंढ्यातला_मुनीम
बुधवार, दुपारी २.१५

गुरुजींचं शेवटचं वाक्य आमच्या आडतीच्या भिंतीवर लिहायला पाहिजे. मी लातूरच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम आहे. दिवाळीच्या मागं-पुढं घडलेलं सांगतो.

एक काका ३० क्विंटल सोयाबीन घेऊन आले. (हमीभाव २०२५-२६ ला ५,३२८ होता, तो बाजूला ठेवा. इथं सौद्यात निघाला तो भाव.) ८ क्विंटल माल वाळलेला, तो गेला ४,६०० नं. बाकीचे २२ क्विंटल पावसात भिजलेले, ओलावा १२ टक्क्यांच्या बराच वर, ते ४,१०० नं गेले. काकांनी गाडीत बसल्या बसल्या सरासरी काढली, ४,३५०. घरी पोरानं मोबाईलवर ४,३५० गुणिले ३० केलं, १,३०,५०० आले. पट्टीवर, म्हणजे आडतीच्या बिलावर, हमाली-तोलाईच्या आधीचा आकडा होता १,२७,०००. साडेतीन हजार आडत्यानं खाल्ले म्हणून दुसऱ्या दिवशी बापलेक दारात हजर.

मी पट्टीच्या मागं मांडून दाखवलं. ८ × ४,६०० म्हणजे ३६,८००. २२ × ४,१०० म्हणजे ९०,२००. बेरीज १,२७,०००, भागिले ३० क्विंटल, सरासरी भाव ४,२३३ रुपये ३३ पैसे. पोराला पटलं, काकांना नाही. काका म्हणाले, "मधला भाव म्हणजे मधला भाव, तो एकीकडं कसा सरकतो?"

मग तराजू आठवला. एका पारड्यात ८, दुसऱ्यात २२. काटा मधोमध राहील का? भाव २२ च्या बाजूला झुकणारच. दोन भावांत ५०० चा फरक, त्यातला ३० पैकी ८ वाटाच वर चढायचा, १३३ रुपये ३३ पैसे. ४,१०० मध्ये मिळवा. हे काकांना लगेच पटलं. आयुष्यभर तराजू बघितलेला माणूस.

आडत्यावर लोकांचा विश्वास का नसतो, तो वेगळा विषय आहे आणि त्यात सगळी चूक लोकांची नाही. पण ते साडेतीन हजार खरंच कोणी खाल्ले नव्हते, ते कधी नव्हतेच.


खडू_फळा
बुधवार, दुपारी ४.५०

मुनीमजी, तुम्ही ४,१०० चा आधार धरून फक्त फरकाची सरासरी काढली, ती दहावीच्या पुस्तकात 'गृहीतमध्य पद्धत' म्हणून येते आणि पोरं तक्ता बघूनच घाबरतात. त्यांना तुमच्या आडतीवर पाठवायला पाहिजे.


तळ्याकाठी
बुधवार, रात्री ८.४०

इतके दिवस नुसता वाचत होतो. भास्कराचार्यांनी हौदाच्या गणितात खालची तोटी उघडी ठेवली की नाही ते सोडा, पण खड्ड्याच्या सरासरीत त्यांनी जे करून ठेवलंय त्यानं माझं एक भांडण मिटवलं.

मी शेततळ्यांची मापं घेण्याचं काम करतो. नेहमीचं तळं वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार. म्हणजे तळाशी २४ बाय २४ उरतं. अंबडच्या पुढं एका शेतात पोकलेनवाल्याशी मातीकाम घनमीटरवर ठरलेलं होतं. पोकलेनवाल्याचा हिशेब: वरचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ५७६, सरासरी ७३८, गुणिले ३, एकूण २,२१४ घनमीटर. शेतकऱ्याच्या बारावीतल्या पोराचा हिशेब: वरची बाजू ३०, खालची २४, सरासरी २७, मग २७ × २७ × ३, एकूण २,१८७. २७ घनमीटरचा फरक. दोघांनीही सरासरीच काढलेली, दोघांचाही गुणाकार बरोबर. बांधावर तासभर वाजलं.

दोघंही चूक. बाजू खाली जाताना सारखी कमी होते, पण क्षेत्रफळ सारखं कमी होत नाही. मधोमध, दीड मीटरवर, बाजू २७ म्हणजे क्षेत्रफळ ७२९. वरच्या निम्म्यात १७१ कमी झालं, खालच्या निम्म्यात १५३ च. म्हणून ७३८ ही दोन टोकांची सरासरी मधल्या खऱ्या क्षेत्रफळापेक्षा मोठी पडते. आणि नुसतं मधलं ७२९ धरलं तर टोकांचा हिशेब सुटतो. खरी रीत अशी: वरचं एकदा, तळाचं एकदा, मधलं चार वेळा, भागिले ६. ९०० + ५७६ + २,९१६ = ४,३९२, भागिले ६ म्हणजे ७३२. गुणिले ३, आले २,१९६ घनमीटर. २१ लाख ९६ हजार लिटर पाणी, पडलं तर.

आता गंमत. लीलावती, इसवी सन ११५०. त्यात खातव्यवहार म्हणजे खोदकामाचं प्रकरण आहे. एक वाकडातिकडा खड्डा दिलाय. तीन ठिकाणी मोजलं तर लांबी १०, ११, १२ हात, रुंदी ६, ५, ७, खोली २, ४, ३. प्रत्येकाची बेरीज करून जितक्या ठिकाणी मोजलं तितक्यानं भागायचं, म्हणजे ११, ६ आणि ३. त्याला शब्द आहे 'सममिती'. गुणाकार १९८ घनहस्त. सरासरी आपल्याकडं परीक्षेच्या गुणांसाठी नाही, खड्डा मोजायला वापरात होती!

पण उतरत्या बाजूंच्या खड्ड्याला भास्कराचार्य ही रीत वापरत नाहीत. तिथं वेगळा नियम आहे: तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि दोन्हींच्या बाजूंची बेरीज करून येणारं क्षेत्रफळ, तिन्ही मिळवून ६ नं भागा, मग खोलीनं गुणा. आपल्या तळ्यात ३० + २४ = ५४, आणि ५४ × ५४ = २,९१६. तोच आकडा. पोकलेनवाल्याला आणि पोराला हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून दाखवले. पोकलेनवाल्यानं १८ घनमीटर सोडले, पोरानं ९ मान्य केले, चहा शेतकऱ्यानं पाजला.


गोदातीर
बुधवार, रात्री ९.१०

वा! वाचनखूण साठवली. भास्कराचार्यांचं गाव विज्जलविड म्हणजे आपलं बीड असंही म्हणणारे आहेत, म्हणजे भांडण मिटवणारा माणूस घरचाच.


बांधावरून
बुधवार, रात्री ९.१८

चाळीसगावजवळचं पाटण म्हणणारे जास्त आहेत आणि शिलालेखही तिथंच आहे. त्यावर वेगळा धागा काढा, इथं सरासरी चालू द्या.


गोदातीर
बुधवार, रात्री ९.३१

बरं, सरासरी. क्रिकेटवेड्या धाकट्यासाठी एक. ब्रॅडमननं कसोटीत ८० डाव खेळून ६,९९६ धावा केल्या. ८० नं भागलं तर ८७.४५ येतात, पण सरासरी सांगतात ९९.९४. कारण १० वेळा तो नाबाद होता आणि फलंदाजीत भागतात ते बाद झालेल्या डावांनी, ७० नं. शेवटच्या डावात, १९४८ साली, शून्यावर गेला. चारच धावा काढून बाद झाला असता तर बरोबर १००. गणित तेच, भाजक कोण हे विचारलं पाहिजे.


बांधावरून
बुधवार, रात्री ११.४५

भाजकाचा विषय निघालाच आहे तर पीकविम्याचं घ्या. ही सरासरी आपल्या ताटात पडते म्हणून.

भरपाई कशावर ठरते? 'उंबरठा उत्पादन' नावाचा आकडा आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, आणि तिला जोखीमस्तरानं, म्हणजे विम्यात ठरलेल्या टक्केवारीनं, गुणायचं. आकडे माझ्या मनाचे घेतो. एका महसूल मंडळात (काही गावांचा मिळून गट) सात वर्षांचं सोयाबीन हेक्टरी असं आलं: १४, १२, ६, १५, १३, ५, १६ क्विंटल. चांगली पाच म्हणजे ६ आणि ५ सोडून. बेरीज ७०, सरासरी १४. जोखीमस्तर ७० टक्के धरला तर उंबरठा ९.८.

यंदा मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांची सरासरी आली ७.८४. उंबरठ्यापेक्षा १.९६ कमी, म्हणजे ९.८ च्या २० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर भरपाई १०,०००. आता सातही वर्षं धरून बघा. बेरीज ८१, भागिले ७, गुणिले ०.७, उंबरठा ८.१. मग तूट ०.२६ च उरते आणि भरपाई १,६०५ रुपये. पीक तेच, नुकसान तेच. दोन दुष्काळी वर्षं हिशेबात ठेवायची की काढायची, एवढ्यावर आठ हजारांवर फरक. वाईट वर्षं काढतात ते शेतकऱ्याच्या बाजूचं आहे, हे कबूल.

पण दुसरी बाजू अशी. ७.८४ ही मंडळाची सरासरी, माझ्या रानाची नाही. माझं ओढ्याकाठचं रान सप्टेंबरात तीन दिवस पाण्याखाली होतं, हेक्टरी तीन क्विंटलही निघाले नाहीत. माळावरच्या शेजाऱ्याला १२ झाले. दोघांनाही भरपाई सारखीच, कारण दोघंही '७.८४'. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई कापणी प्रयोगाच्या उत्पादनावरच आली. आधी आपल्या रानापुरती नुकसानीची तक्रार तरी देता यायची.

पावसाचंही तसंच. मंडळात २४ तासांत ६५ मिमी झाला तर अतिवृष्टी. आठवडाभर रोज दहा-दहा मिमी पडला तर पीक डोलतं. तेच ७० मिमी एका रात्रीत आले तर माती वाहून जाते. आठवड्याची सरासरी दोन्हींकडं दहाच. गुरुजी, तुमची 'सारखी वाटणी' गणितात होते. रानात कोणी बोरं वाटायला येत नाही.


खडू_फळा
गुरुवार, सकाळी ६.३०

खरं आहे तुमचं. लेकरांना हे सांगायचं राहून जातं की ही वाटणी मनातली आहे, प्रत्यक्षात झालेली नाही. मीही फार उशिरा सांगायला लागलो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पेपरात तो आकडा वाचून सगळी खूश. मी सातवीच्या वर्गात विचारलं, लातूर शहराची वस्ती चार लाख धरा, माणशी किती? सव्वा लिटर आलं. वर्ग गप्प झाला. पुढं ५० वाघिणींची गाडी आली, २५ लाख लिटर, माणशी सव्वासहा. एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, आमच्या गल्लीत टँकरच येत नाही, आमचं सव्वासहा कोणाकडं गेलं?" त्या दिवशी पुढचं गणित घेतलं नाही.


भरतीवाला_नांदेड
गुरुवार, सकाळी ९.००

गुरुजी, सूत्रांची वही बाजूला ठेवून काल रात्री वीस गणितं पेन्सिलीनं केली, वर बेरीज लिहून. टाइम थोडा जास्त गेला. एकही चुकलं नाही.


पूर्णाकाठ
रविवार, रात्री ८.५०

सगळ्यांचे आभार. लेकीला तुमच्या पोस्टी वाचून दाखवल्या, शेततळ्याचं सोडून (ते मलाच दोनदा वाचावं लागलं). आज तिनं स्वतः गणित तयार केलंय. इथं टाकायचा हुकूम आहे:

"आमच्या घरातील ५ जणांचे सरासरी वय ३६ वर्षे आहे. आजी मावशीकडे जिंतूरला गेली तर सरासरी १० ने कमी होते. तर आजीचे वय किती?"


भरतीवाला_नांदेड
रविवार, रात्री ८.५३

१८० वजा १०४. ७६. पेन्सिलीनं केलं बरं का.


खडू_फळा
रविवार, रात्री ९.१५

शाब्बास लेकी! एक माणूस उठून गेला की घराची सरासरी दहानं उतरते, असं गणित मी ३४ वर्षांत काढलं नव्हतं.


पूर्णाकाठ
रविवार, रात्री ९.४०

गुरुजी, उत्तर ७६ च धरलं होतं तिनं, आधारवरून. आता आजीनं घोळ घातलाय. म्हणते, "आधारवर मास्तरनं १ जून टाकलाय, तो खोटा. रझाकाराच्या टायमाला माय मला पोटाशी धरून ज्वारीत लपली होती, मी दीड महिन्याची होते. पोलीस ॲक्शन झाली तवा आम्ही घरी आलो." म्हणजे १९४८, म्हणजे ७७. लेक परत वही घेऊन बसलीय. बेरीज १८१ झाली, सरासरी ३६.२ येतेय, आणि आता गणितच बदलावं लागेल म्हणून आजीवर रुसलीय.